गायीला कुणी हात लावायला सांगितला होता? रोजच्या कामातले डिझाइन पॅटर्न

म्हशीच्या दुधाचा दर बदलायला गेले आणि गायीच्या दुधाचा बिघडवून ठेवला. तेव्हा नोकरीचं दुसरं वर्ष होतं माझं. आम्ही दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितो. उत्पादक सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येतो, माप होतं, फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि तिच्याशिवायचे घनपदार्थ) लागतं, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल. त्या खेपेचं गायीचं बिल लिटरमागे काही पैशांनी कमी निघालं. काही पैसेच, पण अख्ख्या गावाचे. संस्थेच्या सचिवांनी फोनवर एवढंच विचारलं, "ताई, गायीला कुणी हात लावायला सांगितला होता?"

दर काढणारं फंक्शन एकच होतं, तीनशेच्या आसपास ओळींचं. गाय की म्हैस, एसएनएफ कमी की जास्त, उन्हाळ्यातला जादा दर आहे की नाही, अमुक संस्थेला किलो फॅटवर पैसे की लिटरवर, सगळं इफ-एल्सच्या (जर-नाहीतरच्या) एकाच उतरंडीत. खालचं मडकं काढायला गेलं की वरचं हललंच.

डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोडमध्ये वारंवार येणाऱ्या अडचणींवरच्या नाव दिलेल्या ठरावीक मांडण्या, मला तेव्हा माहीत नव्हते असं नाही. १९९४ साली चौघांनी मिळून जे तेवीस पॅटर्न पुस्तकात मांडले, ते मुलाखतीसाठी पाठ करून गेले होते. पण ती माहिती 'नाव सांगा, व्याख्या देते' अशी होती. कोडमध्ये नेमका कुठे चाकू लावायचा, हे त्या पाठांतरातून कळत नाही. म्हणून इथे मी पॅटर्नपासून सुरुवात करणार नाही.

सुरुवात गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासापासून करा. गेल्या वर्षभरात कुठली फाइल सारखी-सारखी बदलली ते बघा. मग त्या प्रत्येक बदलाशेजारी लिहा: हा कुणी मागितला? आमच्याकडे दराचे बदल दूध संघाकडून यायचे, फॅट यंत्राचे बदल यंत्रवाल्यांमुळे व्हायचे, पावतीवरचे बदल सचिव सांगायचे. एकाच फंक्शनमध्ये दोन वेगवेगळ्या दारांतून बदल येत असतील तर चिरा तिथे द्यायचा. आणि वर्षभरात कुणी हातच लावला नसेल, तर ते कितीही कुरूप दिसलं तरी सोडून द्या.

आता दराचं फंक्शन. तोडण्याआधी मागच्या तीन बिलांच्या सगळ्या नोंदी आणि त्यांच्या रकमा एका फाइलमध्ये काढून घेतल्या. नवा कोड लिहायचा, त्याच नोंदी त्यातून चालवायच्या, आणि रक्कम पैशाला पैसा जुळली पाहिजे. ही पायरी टाळून पॅटर्न बसवायला जाऊ नका. (रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश चिन्हाच्या अंदाजी आकड्यांत, ठेवत असाल तर आधी तेच बंद करा. आम्ही पूर्णांकात, पैशांत ठेवतो.)

मग प्रत्येक हिशेबपद्धतीचा वेगळा क्लास (कोडचा स्वतंत्र तुकडा) केला. सगळ्यांना एकच मेथड (क्लासमधलं फंक्शन): लिटर, फॅट, एसएनएफ घ्यायचं आणि रक्कम द्यायची. यालाच स्ट्रॅटेजी म्हणतात. बोलावणारा कोड दोन ओळींवर आला:

नियम = नियम_निवड(संस्था, प्रकार, नोंद.तारीख, नोंद.वेळ)
रक्कम = नियम.काढ(नोंद.लिटर, नोंद.फॅट, नोंद.एसएनएफ)

पहिल्या ओळीतली तारीख नोंदीची आहे, आजची नाही. दुधाचा दर अकरा तारखेच्या सकाळपासून बदलला आणि वीस तारखेला कुणी जुनी पावती पुन्हा छापली, तर जुनाच दर यायला हवा. आमच्या पहिल्या मांडणीत 'सध्याचा नियम' नावाचं एक ऑब्जेक्ट सगळीकडे फिरत होतं, आणि जुनी पावती नव्या दराने छापली जात होती. पॅटर्न बरोबर, प्रश्न चुकीचा.

इफ-एल्स गायब झालं का? नाही. ते 'नियम_निवड'मध्ये राहायला गेलं, आणि फक्त तिथेच राहिलं. नवा माणूस विचारतो, मग मिळवलं काय? मिळवलं हे, की म्हशीच्या क्लासमध्ये कितीही गोंधळ घातला तरी गायीचा क्लास त्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या त्या बदलाच्या नोंदीत, दिसतच नाही.

इथे एक खड्डा आहे, आणि आमच्यातला प्रत्येक नवा पोरगा त्यात पडतो. गायीला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ दर, त्याच्या वर-खाली पॉइंटमागे वाढ आणि घट. एका संस्थेत घट वेगळी, म्हणून एकाने त्या संस्थेच्या नावाचा क्लास केला. मग दुसऱ्या संस्थेचा. मी बघेपर्यंत सतरा क्लास झाले होते, आणि सतराही जणांत फरक फक्त आकड्यांचा. आकडे बदलत असतील तर ते दरपत्रक आहे, त्याची जागा डेटाबेसच्या टेबलात. हिशेबाची रीतच बदलत असेल, म्हणजे पॉइंटऐवजी किलो फॅट, तेव्हाच नवा क्लास. सतरांचे तीन उरले.

फॅट यंत्राची गोष्ट वेगळी. तिथे आपल्या हातात काहीच नसतं. सिरियल पोर्टवरून एक कंपनी ३.८५ पाठवते, दुसरी त्याच फॅटला ०३८५ पाठवते, दशांश तुम्ही समजून घ्यायचा. तिसरीकडून एसएनएफ येतच नाही, लॅक्टोमीटरचं (दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचं) सीएलआर, म्हणजे तापमानानुसार दुरुस्त केलेलं माप, येतं. यासाठी अ‍ॅडॅप्टर. आपल्या कोडला हवी तशी एक 'वाचन' नावाची वस्तू ठरवायची आणि प्रत्येक यंत्रासाठी एक दुभाषा लिहायचा, जो त्या यंत्राची ओळ घेऊन ती वस्तू देतो. यंत्राचं नाव त्या एका फाइलच्या बाहेर कुठेही दिसता कामा नये. 'जर यंत्र अमुक असेल तर' असं पावतीच्या कोडमध्ये सापडलं की समजा, भिंतीला ओल आलीय.

दुभाष्याने शहाणपणा करायचा नाही, हेही तितकंच. सीएलआरवरून एसएनएफ काढायला सीएलआर भागिले ४, अधिक फॅटचा साधारण पाचवा हिस्सा, अधिक एक स्थिरांक, असं सूत्र वापरतात. पण तो स्थिरांक सगळीकडे सारखा नसतो. मी तो अ‍ॅडॅप्टरमध्येच लिहून टाकला होता. दुसऱ्या संघाच्या संस्थेत तेच यंत्र बसवलं आणि एसएनएफ चुकायला लागला. आता अ‍ॅडॅप्टर सीएलआर जसंच्या तसं पुढे देतो, आणि सूत्र दराच्या बाजूला राहतं, कारण तो बदल संघाच्या दारातून येतो.

अ‍ॅडॅप्टर केला की एक फायदा फुकटात पदरात पडतो: खोटं यंत्र. फाइलमधून ओळी वाचणारा एक अ‍ॅडॅप्टर लिहा, मध्ये मुद्दाम अर्धवट तुटलेल्या ओळी घाला. ऑफिसात म्हैस नाही, यंत्र नाही, तरी दिवसभर संकलन चालवून बघता येतं.

आता ऑब्झर्व्हर, कारण त्याने मला पहाटे उठवलंय. दुधाची नोंद झाली की पावती छापायची, उत्पादकाला एसएमएस पाठवायचा, बाहेरच्या फलकावर आकडे दाखवायचे, खातेवहीत जमा करायचं. सगळं एकाच मेथडमध्ये ओळीने लिहिलेलं होतं. एके दिवशी एसएमएसची सेवा अडकली, ती मेथड उत्तराची वाट बघत थांबली, आणि किटल्यांची रांग दारापर्यंत. सव्वासहाचा फोन. दूध थांबत नाही हो, एसएमएस गेला खड्ड्यात.

मग 'नोंद झाली' अशी एक घटना केली, आणि ज्याला ऐकायचंय त्याने नाव नोंदवायचं. पावती, एसएमएस, फलक असे तिघे ऐकतात. एक पडला तर बाकीचे चालतात, एसएमएस तर मागच्या रांगेतून सावकाश जातो. पण खातेवही मी यात घातली नाही, आणि ते मुद्दाम. नोंद आणि जमा या दोन्ही गोष्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतात किंवा दोन्ही होत नाहीत. 'झालं नाही तरी चालेल' असं ज्याबद्दल म्हणता येतं, त्यालाच ऐकायला बसवा. ऐकणाऱ्यांच्या क्रमावरही विसंबू नका. पावती आधी आणि फलक नंतर असं हवंच असेल तर सरळ एकाखाली एक दोन ओळी लिहा.

सिंगलटनबद्दल, म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅममध्ये सगळे मिळून वापरतात अशा एकमेव ऑब्जेक्टबद्दल, फार लिहित नाही. 'आजची पाळी' आम्ही त्यात ठेवली होती. एका टेस्टने ती संध्याकाळ करून ठेवली की पुढच्या सगळ्या टेस्ट संध्याकाळीच चालायच्या. पाळी आता साधी पॅरामीटर म्हणून जाते.

नावांचं मात्र ऐका. क्लासच्या नावात 'स्ट्रॅटेजी' किंवा 'फॅक्टरी' अशी पॅटर्नची नावं घालू नका. 'म्हैसकिलोफॅट' हे नाव सचिवांनाही कळतं, 'डिफॉल्टरेटस्ट्रॅटेजी' सहा महिन्यांनी मलाही कळत नाही. शिवाय बऱ्याच जागी क्लासची गरजच नसते. पायथनमध्ये फंक्शनच हातात देता येतं, जावातही २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून लॅम्डा (बिननावाची फंक्शनं) आहेत. एका मेथडचा, स्वतःकडे काहीच न ठेवणारा क्लास दिसला तर आधी फंक्शन करून बघा.

आणि बसवलेला पॅटर्न काढताही आला पाहिजे. बिलातल्या कपाती, म्हणजे पशुखाद्य, उचल, शेअर्सची रक्कम, या मी एकदा डेकोरेटरने लिहिल्या होत्या. बिलाभोवती पशुखाद्याचं वेष्टण, त्याभोवती उचलीचं, त्याभोवती शेअर्सचं. मला तो कोड फार आवडायचा. एका उत्पादकाने विचारलं, बेचाळीस रुपये कुठे गेले? वेष्टणं उलगडत बसले तेव्हा दुपार गेली, आणि सापडलं काय, तर दोन वेष्टणांचा क्रम बदलला होता आणि टक्क्यातली एक कपात वेगळ्याच रकमेवर बसली होती. डेकोरेटर काढला, कपातींची साधी यादी केली: नाव, रक्कम, क्रमांक, आणि एक लूप. तीच यादी आता बिलाच्या खालच्या भागात जशीच्या तशी छापली जाते, आणि बेचाळीस रुपये कुठे गेले ते उत्पादक डेअरीच्या पायरीवर बसून स्वतःच वाचतो.