कपाळाच्या फ्लॅपने नाक बांधताना या चुका टाळा

फ्लॅप म्हणजे कपाळाची कातडी, रक्तवाहिनी असलेला देठ जोडलेला ठेवून नाकावर वळवलेली. तिचं टोक काळं पडलं की दोष रक्तवाहिनीला दिला जातो. खरी गडबड बहुतेक वेळा ब्लेड लावण्याआधीच, मापात झालेली असते.

जखमेवरून फ्लॅपच्या मापाचा साचा कापणं आधी बंद करा. ताज्या जखमेच्या कडा फाकलेल्या असतात, भुलीच्या इंजेक्शनने भाग फुगतो. जुन्या जखमेत व्रण आकसून भोक लहान दिसतं. साचा निरोगी बाजूच्या नाकपुडीवरून, इंजेक्शनच्या आधी घ्या. टाक्याच्या पाकिटाची फॉइल दाबून बसवा, कापा, उलटी करा. मग लांबी. गॉजची पट्टी भुवईच्या आतल्या टोकाशी, देठ वळणार तिथे धरा, जखमेच्या खालच्या कडेपर्यंत न्या आणि न ताणता तशीच कपाळावर फिरवा. इथे पाच मिलिमीटर कमी पडले की घाईतला शिकाऊ सर्जन फ्लॅप ओढून टाके घालतो. टोक टेबलावरच पांढरं पडतं. फ्लॅपला रक्त पुरवणारी सुप्राट्रॉक्लियर धमनी मध्यरेषेपासून साधारण 1.7 ते 2.2 सेंमीवर असते. डॉपलरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने) शोधून खूण करा. देठ 1.2 ते 1.5 सेंमी पुरतो, जास्त रुंद ठेवला तर वळताना पिळतो.

'नाकपुडीच्या कडेला मुळात कूर्चा नसते, मग ठेवायची कशाला?' या तर्काने कितीतरी नाकं बिघडतात. टाके काढताना नाकपुडी छान दिसते, फोटो निघतात. पुढच्या काही महिन्यांत व्रण आकसतो, कड वर ओढली जाते, श्वास घेताना नाकपुडी आत चिकटते. दुरुस्तीला कपाळ पुन्हा मागावं, तर ते वापरून झालेलं. कानाच्या वाटीतली कूर्चा पहिल्याच वेळी ठेवा. त्याआधी आतलं अस्तर. ते नसेल तर कूर्चा उघडी पडून सडते.

बायलोब्ड फ्लॅप (शेजारच्या नाकाच्याच कातडीचा दोन पाळ्यांचा फ्लॅप) 1.5 सेंमीपर्यंतच्या जखमेला. त्यापुढे ताणू नका.

कर्करोगाच्या कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप उचलू नका.

कपाळाची वरची फट बंद होत नसेल तर मलम लावून उघडी ठेवा, भरते.

नागपुरात 'सिगारेट ओढता का?' एवढं विचारून भागत नाही. रुग्ण 'नाही' म्हणतो ते खरंच असतं, खिशात मात्र खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पुडी असते. 'दिवसाला किती खर्रे?' असं थेट विचारा आणि चार आठवडे आधी बंद करायला लावा. सुटत नसेल तर पहिल्या टप्प्यात फ्लॅप पातळ करूच नका. तीन आठवड्यांनी करा, देठ आणखी तीन आठवड्यांनी कापा.

गडचिरोलीच्या रुग्णाला घरी सोडताना देठावर चष्मा किंवा घट्ट पट्टी नको, हे नातेवाइकालाही समजवा. फ्लॅप जांभळा झाला आणि दाबल्यावर रंग झटकन परतला, तर शिरेतलं रक्त अडलंय: पट्टी सोडा, ताणाचे टाके काढा. पांढरा, गार पडला तर धमनीतूनच रक्त येत नाहीये: सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.