खाली जाळं होतंय? टेन्शनचा स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

गेल्या श्रावणात एका रात्री साडेनऊला माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तिच्या भाचीचं बारसं होतं. आत्या तीच, त्यामुळे नाव तिलाच ठाऊक. ते दुपट्यावर भरून सगळ्यांसमोर उलगडायचं असं तिने ठरवलं होतं, पण भरतकामाचं मशीन दर दहा टाक्यांनी अडत होतं, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत होता. "काकू, वरच्या दोऱ्याचं टेन्शन कमी करत करत पार शून्यावर आणलं, तरी खाली जाळं होतंयच. खालच्या दोऱ्याच्या बॉबीन केसचा स्क्रू फिरवून बघू का?"

मी म्हटलं, "स्क्रूला हात लावू नकोस. टेन्शन आधी जिथे होतं तिथे परत ने. प्रेसर फूट वर उचल, वरचा दोरा सगळा काढ आणि पहिल्यापासून ओव."

दहाच्या आत फोटो आला. दुपटं उलटं करून काढलेला, कारण वर्गात पहिल्या दिवसापासून मी उलटी बाजूच बघायला लावते. टाके स्वच्छ होते.

घरी भरतकामाचं मशीन घेतलेल्या बहुतेक जणींची सुरुवात अशीच अडखळते. टाका बिघडला की हात थेट टेन्शनकडे, म्हणजे दोऱ्याच्या ताणाच्या आकड्याकडे जातो. मी इतकी वर्षं शिकवते आहे, आणि टेन्शनची म्हणून आलेली तक्रार बहुतेक वेळा ओवण्याची, सुईची, बॉबीनची किंवा दोऱ्याची निघते. आकडा बदलायची वेळ सगळ्यात शेवटी येते.

फूट खाली ठेवून दोरा ओवणं

वरचा दोरा मशीनमध्ये दोन चकत्यांच्या मधून जातो. त्या चकत्या दोऱ्याला चिमटीत धरतात, तोच त्याचा ताण. कापड दाबून धरणारं प्रेसर फूट वर असलं की चकत्या उघडतात, खाली आणलं की मिटतात. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या कडेवरून नुसता वाहत जातो. दिसायला सगळं बरोबर, सुईतही दोरा आहे, पण धरणारं कुणी नाही. मग सुई खाली गेली की खालचं हूक दोरा मोकळेपणाने ओढून घेतं आणि कापडाखाली त्याचा पुंजका होतो.

म्हणूनच हे मनात पक्कं बसवा: गुंता खाली दिसला तर चूक बहुतेक करून वर आहे. वरचं टेन्शन कमी केल्याने तो वाढतो, आणि त्या रात्री तेच चाललं होतं.

खात्री करायला एक मिनिट लागतं. दोरा सुईत ओवण्याआधी फूट वर ठेवून तो ओढा, सरकन यायला हवा. आता फूट खाली आणा आणि पुन्हा ओढा, बोटाला चांगला रेटा जाणवायला हवा. दोन्ही वेळा सारखाच सैल आला तर दोरा चकत्यांत बसलेलाच नाही. वरखाली होणाऱ्या लिव्हरच्या फटीतून दोरा निसटला आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या. तो निसटला तरी जाळं होतंच.

कधी ओवणं अगदी बरोबर असतं, पण चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा तंतूंचा पुंजका अडकलेला असतो. फूट वर करून पातळ सुती कापडाची अरुंद पट्टी त्यांच्यामधून दोन-तीनदा फिरवा. दोरा बदलताना रिळाजवळ कापून सुईच्या बाजूने ओढून काढायची सवय लावली तर हा कचरा साठत नाही. बऱ्याच जणी रिळाच्या दिशेने उलटा ओढतात, आणि त्यानेच तुकडे आत राहतात.

उलटी बाजू न वाचणं

नमुन्याच्या कापडावर सॅटिन टाक्याची, म्हणजे एकमेकांना लागून आडव्या टाक्यांची, साधी उभी पट्टी काढा, चार-पाच मिलिमीटर रुंद, पेराएवढी लांब. कापड उलटं करून उजेडात धरा. मधोमध बॉबीनच्या पांढऱ्या दोऱ्याची रेघ आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला पाहिजे. पट्टीचे तीन उभे भाग कल्पिले तर मधला पांढरा, बाजूचे दोन रंगीत. इतकं जमलं की टेन्शन ठीक आहे, मग आकडा काहीही असो.

पांढरं अजिबात दिसत नाही, सगळा वरचाच रंग खाली उतरला आहे, तर वरचा दोरा सैल आहे. पांढरी पट्टी रुंद होऊन रंगाच्या फक्त कडा उरल्या आहेत आणि सुलट्या बाजूलाही पांढरे ठिपके वर आले आहेत, तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे, नाहीतर बॉबीनचा दोरा त्याच्या पातळ पत्र्याखाली बसलेला नाही. या दोनांतलं दुसरं कारण आधी तपासा. बॉबीन काढून पुन्हा बसवायला अर्धं मिनिटही लागत नाही.

शिलाईचा दोरा भरतकामाला वापरणं

घरात शिवणाची रिळं असतात, रंगही जुळतो, म्हणून तीच मशीनला लावली जातात. पण शिलाईचा साधा पॉलिस्टर दोरा आखूड तंतू पिळून केलेला असतो. भिंगातून पाहिलात तर त्याच्या अंगावर केस दिसतील. भरतकामात एकेका डिझाईनला हजारो टाके पडतात, ते केस झडत राहतात आणि चकत्यांत, बॉबीन केसखाली जाऊन बसतात. भरतकामाचा दोरा अखंड लांब तंतूंचा, गुळगुळीत आणि चमकदार असतो.

आकड्यांचा गोंधळ वेगळाच. भरतकामाच्या दोऱ्यावर ४०, ६०, ३० असे वजनाचे आकडे असतात आणि आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. बाजारात मिळणारी जवळजवळ सगळी डिझाईन्स ४० वजनाच्या दोऱ्यासाठी केलेली असतात. त्याच डिझाईनला ३० चा जाड दोरा लावला तर टाके एकमेकांवर चढतात, कापड कडक होतं आणि दोरा तुटतो. ६० चा दोरा बारीक अक्षरांसाठी ठेवा. देवनागरीत पाच-सहा मिलिमीटरची अक्षरं काढायची असतील तर त्याला पर्याय नाही, नाहीतर 'क्ष' आणि 'श्री' यांच्या पोटातली जागा भरून जाते. त्याच्यासोबत सुईही बारीक लागते.

मुंबईत भुलेश्वरला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास दोरे घ्यायला जाल तेव्हा 'रेशीम' या शब्दावर विसंबू नका. मशीनचा म्हणून जो 'रेशीम' दोरा दाखवतात तो बहुधा रेयॉन असतो. वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी मोरीत, चिमट्यात धरून जाळून बघा. रेयॉन कागदासारखा भरभर जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आधी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी होतो. खरं रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येईल.

दुसरी परीक्षा रंगाची. लाल, मरून, गडद निळा या दोऱ्यांचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती चिंधीवर चोळा. मुंजीच्या उपरण्यावर एकदा मी लाल कुयरी काढून दिली होती. सुंदर झाली होती. पहिल्याच धुण्यात तिच्याभोवती गुलाबी डाग पसरला. दोऱ्याचा कोन नवाच होता, दुकानदाराने रंग पक्का असल्याचं सांगितलं होतं, आणि मी तपासला नव्हता. त्या घरी जाऊन मी माफी मागितली आणि दुसरं उपरणं करून दिलं, पण मुंजीत बटूच्या खांद्यावर होतं ते पहिलंच. तेव्हापासून माझ्याकडे चिंधीवर चोळल्याशिवाय कोणताही गडद दोरा मशीनवर चढत नाही.

मुंबईची हवा विसरणं

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत विणकाम खात्यात होते. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, असं ते सांगायचे. खात्यात मुद्दाम ओलावा राखत. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली आणि त्यानंतर हे शहर सुतावर वाढलं, त्यात इथल्या दमट हवेचाही हात होता, कारण कापसाचा तंतू ओलाव्याने बळकट होतो.

रेयॉनचं उलटं आहे. तो हवेतलं पाणी शोषतो, आपल्या वजनाच्या ११ ते १३ टक्के, आणि जितका ओला तितका कमजोर. पॉलिस्टर पाणी जवळजवळ घेतच नाही, अर्धा टक्काही नाही. म्हणून एप्रिलमध्ये सुरळीत चाललेला रेयॉनचा कोन जुलैत, हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेल्यावर, त्याच मशीनवर त्याच आकड्यावर तुटायला लागतो आणि आपण टेन्शनला दोष देतो. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत पावसाळ्यात रोजच्या कामाला पॉलिस्टरच वापरावा. मुलांचे कपडे, टॉवेल, गणवेश, जे वारंवार धुतलं जाणार ते सगळं पॉलिस्टरवर. रेयॉनची मऊ झळाळी पॉलिस्टरला नाही हे खरं, पैठणीच्या ब्लाऊजवर ती मलाही हवी असते. त्यासाठी रेयॉनचे कोन घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि लागेल तेवढाच एक बाहेर काढा. खिडकीतल्या उन्हातही ठेवू नका.

पंख्याचंही सांगते. आपल्या घरांत पंखा डोक्यावर नाहीतर मशीनच्या शेजारीच असतो. वाऱ्याने गुळगुळीत दोरा कोनावरून घसरतो, बुडाशी वेटोळं पडतं, खिळ्याभोवती अडकतं आणि दोरा एकदम ताणून तुटतो. कोनावर जाळी चढवा किंवा पंख्याचं तोंड फिरवा. मोठा कोन मशीनच्या आडव्या खिळ्यावर कोंबू नका, मागे वेगळा स्टँड ठेवा. लहान रिळाला त्याच्या मापाचीच टोपी लावा, नाहीतर रिळाच्या कडेवरच्या खाचेत दोरा अडकत राहतो.

सुई मोडेपर्यंत वापरणं

सुई मोडली नाही म्हणजे चांगली आहे असं नसतं. सलग सात-आठ तास भरतकाम झालं की बदला. रोजच्या कामाला ७५/११ मापाची भरतकामाची सुई, टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची. घरगुती मशीनच्या बहुतेक सुयांचा दांडा एका बाजूने सपाट असतो आणि कारखान्याच्या मशीनचा पूर्ण गोल. दुकानात घाईत मागितली की गोल दांड्याचीही हातात येते, तेव्हा जुनी सुई सोबत न्या.

तुटलेल्या दोऱ्याचं टोक बघायला शिका. टोक पिंजारलेलं असेल तर दोरा कुठेतरी घासतो आहे, बहुधा सुईच्या नेढ्यात. टोक सुरीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर तो कुठेतरी अडकून ताणला गेला. नेढं पुरेसं मोठं आहे का हे बघायला सुई दोऱ्यात ओवून हातात घ्या आणि दोरा दोन्ही हातांत तिरपा ताणून धरा. सुई आपोआप घरंगळत खाली आली पाहिजे. अडली तर मोठ्या नेढ्याची घ्या.

जरीच्या दोऱ्याला हे सगळं दुप्पट लागू. ९०/१४ ची मोठ्या नेढ्याची सुई, मशीनचा वेग सगळ्यात कमी, वरचं टेन्शन थोडं उतरवलेलं आणि रीळ मशीनपासून दूर, म्हणजे दोऱ्याचा पीळ वाटेत मोकळा होतो.

बॉबीन कशीही भरणं

भरतकामात खालचा दोरा वरच्यापेक्षा बारीक हवा, ६० किंवा ९० वजनाचा, आणि तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत जो सांगितला असेल तोच. वरचाच जाड दोरा खाली भरला की तो वर डोकावणारच. बॉबीन मध्यम वेगाने भरा. पॉलिस्टर भरधाव भरला तर ताणलेला गुंडाळला जातो आणि कापडात गेल्यावर आक्रसून सुरकुत्या पाडतो. भरलेली बॉबीन नखाने दाबून बघा, नख रुतलं तर ती सैल आहे, उलगडून पुन्हा भरा. बसवताना दोरा कोणत्या दिशेने सुटतो ते मशीनवरच्या बाणाशी जुळवा. दुसऱ्या मशीनची बॉबीन दिसायला तशीच असली तरी उंचीत दोनेक मिलिमीटरचा फरक असू शकतो आणि तेवढ्याने सगळा टाका बिघडतो.

बॉबीन केस काढून त्याच्या पत्र्याखालून व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा फिरवा. तिथे तंतूचा एक कण जरी बसला तरी पत्रा उचललेला राहतो. तोंडाने फुंकर मारू नका, आपल्या हवेत आधीच ओल आहे, ब्रशने काढा. खोबरेल तेल तर मशीनच्या आसपासही नको.

कापड चुण्यांसारखं गोळा होत असेल तर टेन्शनच्या आधी हूप, म्हणजे कापड धरणारी चौकट, बघा. खणासारखं कापड ताणून बसवलं की सोडल्यावर आक्रसतं, आणि ढिलं बसवलं तर टाके ते ओढून घेतात. कापडाला खालून आधार देणारं बॅकिंग कापडासोबत हूपमध्ये धरा, खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून भागवू नका.

एवढं सगळं झालं आणि तरीही पट्टीच्या उलट्या बाजूला पांढरी रेघ मधोमध येत नसेल, तर वरचा आकडा बदला, एका वेळी एकच घर, आणि दर वेळी नवी पट्टी काढा. बॉबीन केसचा स्क्रू त्याच्याही नंतर. त्याआधी स्क्रूची खाच कुठे आहे तिथे पेनाने खूण करा, म्हणजे परत यायला वाट राहील. घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत जितका सरकतो तेवढंच फिरवा.

माझ्या मशीनशेजारी एक जाड वही आहे. प्रत्येक नव्या कोनाची पट्टी कापून तिच्यात टाचलेली असते, आणि बाजूला पेन्सिलने दोऱ्याचं वजन, सुई, वरचा आकडा, कापड आणि महिना लिहिलेला. जुलैतली पानं एप्रिलच्या पानांशी जुळत नाहीत.