पाडव्याला जुनी अंगठी द्यायची आहे? आधी ती उलटी करून बघा

पाडव्याच्या ओवाळणीला साडी झाली, कुड्या झाल्या, सोन्याचं नाणंही देऊन झालं. यंदा जुन्या घडणीची एखादी मोठी, बोटावर ठसठशीत दिसणारी अंगठी शोधावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख. बहिणीला भाऊबिजेची किंवा घरात नाताळ असेल तर नाताळची भेट म्हणून घेणाऱ्यांनाही तो चालेल. नवी अंगठी घेताना हॉलमार्क आणि बिल यांच्या भरवशावर काम भागतं. जुनीची निम्मी परीक्षा मात्र आपल्यालाच करावी लागते, आणि ती नुसती खड्याकडे बघून होत नाही. वरून सगळ्याच अंगठ्या देखण्या असतात. वय, दुरुस्त्या आणि लबाडी सापडते ती खालच्या अंगाला.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरून टाकू. आपल्याकडच्या शोरूममध्ये ‘अँटिक’ म्हणून जे दाखवतात, ते बहुतेक वेळा काळपट, मंद झळाळी दिलेलं कोरं करकरीत सोनं असतं. जुन्या मालाचे व्यापारी साधारण शंभर वर्षांवरच्या वस्तूला अँटिक म्हणतात, त्याच्या अलीकडचं ते व्हिंटेज. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: अंगठी जुनी आहे, की जुनी दिसेल अशी बनवली आहे? नवी असायलाही काही हरकत नाही, फक्त जुन्याची किंमत मोजू नका.

पहिली पायरी: जिच्यासाठी घ्यायची तिचा हात आठवा

रोज कणीक मळणाऱ्या, लॅपटॉपवर बोटं चालवणाऱ्या किंवा दवाखान्यात दिवसभर हातमोजे घालणाऱ्या बाईला उंच बसवलेला खडा दोन दिवसांत नकोसा होतो. तिच्यासाठी खडा कोंदणात खोल बसलेली, वरून सपाट अंगठी बघा. लग्नाकार्यालाच दागिने काढणारी असेल, तर लांबून दिसणारी नवरत्नाची अंगठीसुद्धा खुशाल घ्या.

मापासाठी तिची नेहमीची एक अंगठी गुपचूप सराफाकडे नेऊन मापाच्या काठीवर घालून बघा. कोणत्या बोटातली आहे तेही लक्षात ठेवा, कारण उजव्या आणि डाव्या हाताच्या त्याच बोटातही फरक असतो. आपल्याकडचा १२ नंबर म्हणजे आतला व्यास सुमारे साडेसोळा मिलिमीटर. अमेरिकी विक्रेता त्यालाच ६ म्हणेल आणि ब्रिटिश विक्रेता इंग्रजी अक्षर सांगेल, म्हणून परदेशी माल ऑनलाइन घेताना व्यास मिलिमीटरमध्येच विचारावा. पट्टी रुंद असेल तर एक नंबर मोठा धरा, रुंद पट्टी बोटाला जास्त आवळते.

दुसरी पायरी: काळ ठरवा

सगळा इतिहास पाठ करायची गरज नाही, पण तीन-चार खुणा माहीत असाव्यात.

ब्रिटिश मालात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या (१८३७ ते १९०१) अंगठ्या बहुधा पिवळ्या सोन्याच्या असतात. त्यांत गार्नेट, मोती, फिरोजा, मधूनच फुलांचं किंवा सापाचं नक्षीकाम दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लॅटिनम आलं आणि लेससारखं जाळीकाम होऊ लागलं. १९२० आणि ३० च्या दशकांत आर्ट डेकोच्या सरळ रेषा, चौकोन आणि पायऱ्यापायऱ्यांचे पैलू आले. मुंबईकरांना ही शैली मरीन ड्राइव्हच्या इमारतींवरून नजरेच्या ओळखीची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत प्लॅटिनम युद्धकामासाठी राखून ठेवलं गेलं, म्हणून १९४० च्या दशकातल्या मोठमोठ्या, फुगीर अंगठ्या पुन्हा पिवळ्या-गुलाबी सोन्यात दिसतात. बोटावर उठून दिसणारी अंगठीच हवी असेल, तर मी आर्ट डेको किंवा हा १९४० च्या दशकातला माल आधी बघेन. व्हिक्टोरियन अंगठ्या गोड असतात, पण बऱ्याचशा नाजूक आणि लहान.

आपल्याकडच्या जुन्या अंगठ्यांचा हिशेब वेगळा. सोन्याच्या दागिन्यांवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) हॉलमार्क सुरू झाला तो २००० मध्ये. त्याआधीच्या मालावर फार तर सराफाच्या पेढीचा ठसा सापडतो, अनेकदा तोही नाही. आणखी एक गोष्ट: १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने काही वर्षं १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी होती. त्यामुळे त्या सुमाराची अंगठी कमी टंचाची निघाली, म्हणून लगेच फसवणूक झाली असं समजू नका.

तिसरी पायरी: उलटी करा आणि भिंग लावा

इथे घाई नको. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग काही शे रुपयांत मिळतं, ते खिशात असू द्या. अंगठी उलटी धरून उजेडात हळूहळू फिरवा.

आधी पट्टीचा तळ, म्हणजे तळहाताकडची बाजू. वर्षानुवर्षं वापरलेल्या अंगठीत ती वरच्या भागापेक्षा पातळ झालेली असते. नक्षीच्या कडा बोथट होतात, पण सगळीकडे सारख्या नाही: जिथे शेजारचं बोट घासतं तिथे जास्त, कोपऱ्यात कमी. झीज सगळीकडे एकसारखी असेल किंवा काळेपणा प्रत्येक खाचेत मापून भरल्यासारखा असेल, तर ते वय कारखान्यात दिलेलं असण्याचा संभव मोठा. तळ कागदाइतका पातळ झाला असेल तर अंगठी खरी जुनी असेलही, पण रोज घालण्याजोगी राहिलेली नाही. नवी पट्टी जोडायचा खर्च धरूनच भाव करा.

मग जोड. पट्टीच्या आतल्या बाजूवर तोंडाची वाफ सोडा. वाफ उडून जाताना माप बदललेल्या जागी जोडाची बारीक रेघ क्षणभर वेगळी दिसते. माप बदललेलं असणं हा दोष नाही. सोन्यावर कथलाने झाळलेला करडा ठिपका दिसला, तर मात्र काम अडाणी हातचं आहे. असा डाग पुढच्या दुरुस्तीत त्रास देतो.

नंतर ठसे. ब्रिटिश अंगठीत नांगर दिसला तर तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनची. समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमला नांगर का, तर क्राउन अँड अँकर नावाच्या खाणावळीत ठरलं म्हणून, असं सांगतात. शेजारचं अक्षर तपासणीचं वर्ष सांगतं, त्याचे तक्ते इंटरनेटवर फुकट मिळतात. सगळ्यात उपयोगी ठसा १५ आणि .६२५ या आकड्यांचा. १५ कॅरेटचं सोनं ब्रिटनमध्ये १८५४ ते १९३२ एवढ्याच काळात अधिकृत होतं, त्यामुळे हे आकडे दिसले की अंगठीचा काळ निम्मा तिथेच ठरतो. फ्रेंच १८ कॅरेटवर गरुडाचं डोकं असतं. ठसाच नसेल तर लगेच नाकारू नका. माप बदलताना तो कापला जातो किंवा घासून जातो.

शेवटी खडा धरणारी नखं. लोकरीचा धागा खड्याच्या कडेने अलगद ओढा. धागा अडकला तर नख उचललेलं आहे. अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. किणकिण ऐकू आली तर खडा सैल आहे.

चौथी पायरी: खडा

जुन्या अंगठीतला खडा नैसर्गिकच असतो हा समज सोडा. फ्रान्सच्या व्हर्नुईने कृत्रिम माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि पुढच्या काही दशकांत असे माणिक बक्कळ वापरले गेले. म्हणजे अंगठी अस्सल शंभर वर्षांची आणि तिच्यातलं माणिक भट्टीतलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. भिंगातून वाकड्या, कमानीसारख्या रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले तर शंका घ्या. अशी अंगठी वाईट नव्हे, पण नैसर्गिक माणकाचा भाव देऊ नका.

हिऱ्यात जुना पैलू ओळखणं सोपं. वरून बघताना मधोमध छोटं वर्तुळ दिसतं, कारण तेव्हा खालचं टोक सपाट कापत. हे हिरे नव्यांसारखे लखलखत नाहीत. दिव्याखाली त्यांचे मोठे मोठे ठिपके उजळतात, आणि मला ते जास्त आवडतात. जडावाच्या अंगठीत पोलकी (पैलू न पाडलेला हिरा) किंवा खड्याखाली चकचकीत वर्ख आणि लाख असते. तिला पाणी लागलं की वर्ख काळा पडतो.

रोज घालायची असेल तर मोती, पोवळं आणि ओपल टाळा, ते मऊ असतात. माणिक आणि नीलम टिकाऊ. पण नीलमाचं आधी घरात बोलून घ्या. सगळ्यांना लाभत नाही असं मानणारी मंडळी अजून पुष्कळ आहेत आणि भेट देऊन वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. कुणाच्या तरी हातातून उतरलेली अंगठी नको वाटणाऱ्याही बायका असतात. तशी शंका असेल तर बाहेर शोधण्याआधी घरातला आजीचा डबा उघडा. तिथली मोडलेली अंगठी नीट करून घेतली तर तिच्याइतकी किमती भेट दुसरी नाही.

पाचवी पायरी: भाव आणि कागद

आधी मोडीचा भाव काढा: खड्यांचं वजन वगळून सोनं किती, कॅरेट काय, आजचा दर काय. त्यावर मागितलेली रक्कम खडा, कारागिरी आणि जुनेपणाची आहे. ती पटते का, हा एकच प्रश्न मग उरतो. झगमगाटाच्या मोहात पडून दुकानातच ठरवू नका, एक रात्र जाऊ द्या.

बिलावर एकूण वजन, कॅरेट, खड्याचं नाव, तो नैसर्गिक की कृत्रिम, आणि अंदाजे काळ लिहून घ्या. “साहेब, तोंडी सांगितलंय ना” यावर जाऊ नका. मोठ्या रकमेचा खडा असेल तर मुंबईतल्या जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा. सराफ नवं सोनं विकत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून त्यावर एचयूआयडी, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा ओळख क्रमांक लागतो, पण कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना सक्तीतून सूट आहे. तिथे विक्रेत्याच्या लेखी शब्दाला दुप्पट महत्त्व.

माल बघायला मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे. तिथली नेहमीची दुकानं शुक्रवारी बंद असतात. तिथे नजर तयार करायला जा, महागडा खडा घ्यायला नको. सोन्यासाठी ओळखीचा जुना सराफच बरा, मग तो झवेरी बाजारातला असो, पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचा असो की कोल्हापूरच्या गुजरीतला. मोडीत आलेल्या चांगल्या घडणीच्या अंगठ्या वितळवण्याआधी दाखवायला सांगून ठेवा. काही जण आनंदाने फोन करतात.

परदेशी पाठवणार असाल तर

बहीण न्यू जर्सीला आहे म्हणून आजीच्या आजीची अंगठी सहज पिशवीत टाकू नका. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. हस्तिदंत किंवा वाघनख बसवलेली अंगठी कितीही सुंदर असली तरी हात लावू नका, त्यांचा व्यापार गुन्हा आहे.

आणि वेळेचं गणित

धनत्रयोदशीच्या आठवड्यात कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून खरेदी दसऱ्यापर्यंत उरका आणि माप बदलायला लगेच टाका. मिनाकाम असलेली किंवा पूर्ण गोलाभर खडे असलेली अंगठी मात्र मापातच बसणारी घ्या. पहिलीचा मिना आचेने तडकतो, दुसरीत कापायला जागाच नसते. पन्ना असेल तर सराफाला यंत्रात धुवू नको म्हणून सांगा, त्यातलं तेल निघून खडा निस्तेज दिसतो. डबीत एक चिठ्ठी ठेवा: अंगठी कुठून आली, ठसे कोणते, पाणी लागलेलं चालतं की नाही.