क्विझचे प्रश्न काढायचे कसे

क्विझ घ्यायची ठरली की बहुतेक जण सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक उघडतात आणि प्रश्न ओळीनं उतरवून काढतात. आधी ते पुस्तक मिटा. त्यातला प्रश्न एक तर येतो नाही तर येत नाही, आणि येत नसला की टीम दोन सेकंदांत 'पास' म्हणून मोकळी होते. मला त्या 'पास'चा राग आहे. उत्तर पाठ नसलेल्यालाही डोकं चालवून तिथवर पोचता आलं पाहिजे, एवढी एकच अट मी प्रश्नाला घालतो.

'१९३९ साली वॉल्ट डिस्नीला कोणत्या चित्रपटासाठी मानद ऑस्कर मिळालं?' हा प्रश्न मेलेला आहे. तोच असा विचारून बघा: '१९३९च्या ऑस्कर सोहळ्यात एका चित्रपटासाठी वॉल्ट डिस्नीला एक नेहमीच्या मापाची आणि सात छोट्या बाहुल्या दिल्या गेल्या. चित्रपट कोणता?' आधी सगळे गप्प. मग कुणीतरी 'सात... सात...' असं पुटपुटतं, शेजारचा भुवया उंचावतो आणि एकदम गलका होतो: हिमगौरी आणि सात बुटके! ऑस्करचा इतिहास त्या टेबलावर एकालाही येत नसतो. माहिती तीच, फक्त उत्तरात दडलेला सातचा आकडा उचलून प्रश्नात ठेवला.

काय विचारायचं आणि काय सांगून टाकायचं, हे ठरवण्यातच निम्मं काम असतं. हेडी लामार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांना १९४२ साली अमेरिकेत एक पेटंट मिळालं. टॉर्पेडोला रेडिओवरून दिशा द्यायची, पण शत्रूनं मध्येच संदेश बिघडवू नये म्हणून फ्रिक्वेन्सी सारखी बदलत ठेवायची, अशी कल्पना. यावर 'ही नटी कोण?' असं विचारलंत तर जुने इंग्रजी सिनेमे बघणारा एखादा सांगेल, बाकीचे पास. मी नटीचं नाव सांगून टाकतो, अँथाइल संगीतकार होता हेही सांगतो आणि विचारतो: 'त्यांच्या योजनेत ८८ फ्रिक्वेन्सी होत्या. ८८च का?' आता विज्ञानवाला, इतिहासवाला आणि गाण्याबजावण्यातला, तिघंही कामाला लागतात. पियानोला पट्ट्या ८८ असतात. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदी गुंडाळी फिरते, तीच युक्ती त्यांनी इथे वापरली होती.

याच बाईंबद्दल 'वायफायचा शोध लावला' असे फॉरवर्ड फिरतात. ते घेऊ नका. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याचं तंत्र ब्लूटूथमध्ये आहे हे खरं, पण म्हणून शोध त्यांच्या नावावर जात नाही. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हाही त्याच पोत्यातला माल. नुसत्या डोळ्यांनी ती तिथून दिसत नाही.

प्रश्न जमला की त्याच्याशी भांडा. दुसरं बरोबर उत्तर निघतंय का ते बघा. 'सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा धातू कोणता?' तुमच्या कागदावर पारा. पण सीझियम २८.५ अंशांना वितळतं आणि गॅलियम तीसच्या किंचित आधी. उकाड्याच्या दिवसात रसायनशास्त्र शिकलेला एखादा उठून 'इथलं तापमान किती?' असं विचारणार, आणि त्याला गुण द्यावेच लागणार. 'शून्य अंश सेल्सिअसला' एवढं घातलं की भांडण मिटलं. शुक्राचंही तसंच. 'कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा?' हा सगळीकडे सापडणारा प्रश्न, पण त्यातला दिवस म्हणजे काय? स्वतःभोवती एक फेरी म्हणाल तर २४३ दिवस आणि वर्ष २२५ दिवसांचं, म्हणजे बरोबर. सूर्योदय ते सूर्योदय धराल तर सुमारे ११७ दिवस, म्हणजे चूक. मी 'स्वतःभोवती एक फेरी' असंच लिहितो.

काही उत्तरं शिळी होतात. शनीचे चंद्र १४६ असं छापलेलं अजून दिसेल. २०२५च्या मार्चमध्ये १२८ नव्या चंद्रांची भर पडून ते २७४ झाले. अशा प्रश्नाच्या कागदावर मागच्या बाजूला तारीख टाकून ठेवा. नाही तर विचारूच नका. चंद्र मोजून कुणाला मजा येते, मला अजून कळलेलं नाही.

इतिहासात सालं विचारायचा मोह आवरा. '१९१७च्या रशियातल्या ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात का यायचा?' हा प्रश्न कुठल्याही सालापेक्षा सरस आहे. रशियाची तेव्हाची जुनी दिनदर्शिका १३ दिवस मागे होती. तिथली २५ ऑक्टोबर म्हणजे इतरत्र ७ नोव्हेंबर. पूर्ण उत्तर नाही आलं तरी 'कॅलेंडर' हा शब्द बहुतेक टेबलांवर येतोच. मी त्याला अर्धे गुण देतो.

सगळे प्रश्न एकदा मोठ्यानं वाचा. दोन दमांत संपत नसेल तर छाटा. 'कोण', 'का', 'कुठला' हे शेवटी येऊ द्या. ते आधी आलं की बझर दाबला जातो आणि तुमचा सुंदर तपशील तोंडातच राहतो.

बरोबरी सुटायला एक आकड्याचा प्रश्न बाजूला ठेवा. जो जवळ, तो जिंकला. इंग्लंड आणि फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं? १३३७ ते १४५३, म्हणजे ११६. १८९६चं झांझिबारचं युद्ध मात्र इथे नको. ते तासाच्या आत संपलं हे नक्की, पण कुणी ३८ मिनिटं सांगतं तर कुणी ४५, आणि बरोबरीच्या वेळी तेवढ्यावरून भांडणं होतात.