बाइट उलटवायचेत? मॅक्रो नको, इनलाइन फंक्शन लिहा

मॉडबसवर (मीटरसारख्या यंत्रांशी बोलायची पद्धत) प्रत्येक १६ बिटी रजिस्टरचा वरचा बाइट आधी येतो, आपला पीसी खालचा आधी धरतो. म्हणून उलटवायचे. नेटवर्कच्या आकड्यांसाठी एचटीओएनएस (htons), एनटीओएचएस (ntohs) ही फंक्शनं तयार आहेत, तीच वापरा.

बाकी ठिकाणी सीच्या हेडर फाइलमध्ये छोटं फंक्शन लिहा. १६ बिटी अनसाइन्ड घ्या, आठ बिट डावीकडे आणि आठ उजवीकडे सरकवून ऑर करा, उत्तर १६ बिटांत कास्ट करून परत द्या. आधी ‘स्टॅटिक इनलाइन’ हे दोन्ही शब्द हवेत. नुसतं ‘इनलाइन’ लिहिलं की सी९९ मध्ये (सी भाषेचं १९९९ चं मानक), ऑप्टिमायझेशन बंद असताना, लिंकर अडतो.

आता मॅक्रोचं, म्हणजे #define ने लिहिलेल्या मजकुराचं. ‘मॅक्रो फास्ट असतो’ हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. ओ-टू (-O2, ऑप्टिमायझेशनचा पर्याय) लावलं की जीसीसी कंपायलर हे फंक्शन जागेवरच उलगडतो, कॉल उरतच नाही. मॅक्रो मात्र तुम्ही दिलेला मजकूर जसाच्या तसा दोनदा चिकटवतो. त्यात पॉइंटर प्लस-प्लस (*p++) दिला, की पॉइंटर एकाऐवजी दोन घरं पुढे जातो. सीच्या नियमांत अशा ओळीला अर्थच नाही, कंपायलर वाट्टेल ते करू शकतो.

अंबड एमआयडीसीतल्या एका पॅनेलपुढे माझे दोन दिवस यात गेले. मीटर व्होल्टेज दहापट करून पाठवत होता. फेज तीन: आर, वाय, बी. आर फेज २३०.० म्हणजे २३००, हेक्समध्ये ०८ एफसी. वाय फेज २३१.० म्हणजे ०९ ०६. मॅक्रोने आरचा खालचा बाइट वायच्या वरच्या बाइटला जोडला: ०९ एफसी. स्क्रीनवर २५५.६ व्होल्ट! सगळे वायरिंग तपासत बसले. वाईट म्हणजे, तिन्ही फेज २०४.८ च्या वर आणि २३०.४ च्या खाली असले की वरचा बाइट सारखाच येतो आणि आरचं रीडिंग बरोबर दिसतं. वायच्या जागी बीचा खालचा बाइट येतोय, हे मग लक्षात कसं येणार?

मॅक्रो फक्त स्थिरांकांसाठी ठेवा: केस लेबल, स्टॅटिक अॅरेच्या सुरुवातीच्या किमती. तिथे सीमध्ये फंक्शन चालत नाही. नाव कॅपिटलमध्ये द्या.

३२ बिटी आकडा दोन रजिस्टरांत येतो; त्यातलं कोणतं रजिस्टर आधी, ते मीटरच्या मॅन्युअलमध्ये बघा.

तपासताना ओळीने तीन रजिस्टर असे घ्या, की तिघांचे वरचे बाइट वेगळे असतील. एकदा ऑप्टिमायझेशनशिवाय चालवा, एकदा ओ-टूवर.