वजन जास्त असेल तर सायकलची फ्रेम कशी निवडावी

शंभर किलोच्या पुढचं गिऱ्हाईक सायकल घ्यायला गेलं की हमखास एक सल्ला मिळतो: 'स्टीलची घ्या, दणकट असते.' तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. हलक्या दर्जाच्या स्टीलपेक्षा नीट बांधलेली ॲल्युमिनियमची फ्रेम कितीतरी वेळा उजवी ठरते. शिवाय वजनदार स्वाराच्या सायकलीत आधी मान टाकतं ते बहुधा मागचं चाक, फ्रेम नव्हे.

१. आधी बेरीज करा

बहुतेक मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत वजनाची कमाल मर्यादा दिलेली असते. ती फक्त स्वाराची आहे की सायकल आणि सामान धरून, हे नीट वाचा. गल्लत इथेच होते. समजा तुमचं वजन ११० किलो, सायकल १४ किलो, बॅग-पाणी-कुलूप मिळून ६ किलो. झाले १३०. पुस्तिकेत एकूण १२० लिहिलं असेल, तर ती सायकल कितीही आवडली तरी सोडून द्या. मर्यादा कुठेच सापडत नसेल तरीही सोडून द्या.

२. मग धातू

सारख्याच मापाच्या दोन नळ्या घेतल्या, तर ॲल्युमिनियमची नळी स्टीलच्या साधारण एक-तृतीयांश वजनाची असते आणि ताठपणाही तेवढाच कमी. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या फुगीर करतात. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की नळी जवळपास आठपट ताठ होते. म्हणजे फ्रेम वाकेल की नाही हे धातूच्या नावाइतकंच नळीच्या आकारावर ठरतं.

खरा फरक पडतो तो थकव्यात. स्टीलवरचा ताण ठरावीक पातळीच्या खाली राहिला, तर ते लाखो हिसके सोसूनही थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित पातळी नाही. प्रत्येक खड्डा त्याच्या खात्यावर जमा होत जातो. चांगले उत्पादक हे धरूनच जास्त धातू वापरतात, त्यामुळे नव्या, जाडजूड ॲल्युमिनियमच्या फ्रेमला घाबरायचं कारण नाही. जुनी, कुणी कशी वापरली ते ठाऊक नसलेली फ्रेम मात्र मी वजनदार माणसाला घेऊ देणार नाही.

स्टील घ्यायचं तर क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील पाहा. स्टिकर बारकाईने वाचा: पुष्कळदा 'क्रोमोली' फक्त पुढच्या तीन मुख्य नळ्यांपुरतं असतं आणि मागच्या बारीक नळ्या साध्या हाय-टेन्साइल स्टीलच्या असतात. त्या लगेच मोडतात असं नाही, पण त्यांत क्रोमोलीची किंमत मोजू नये.

कार्बन मजबूत असतं, पण हलक्या रेसिंग फ्रेमची मर्यादा अनेकदा कमी असते आणि पडल्यावर आतली इजा वरून दिसत नाही. टायटॅनियम गंजत नाही, मात्र स्टीलच्या निम्म्यानेच ताठ. बारीक नळ्यांची टायटॅनियम फ्रेम जड स्वाराखाली डुलते, आणि महागही पडते.

३. माप आणि चिमटा

लहान फ्रेम घेऊन सीटची दांडी भरपूर वर काढणं हा फ्रेम मोडण्याचा सोपा मार्ग. दांडी जितकी बाहेर, तितकी पहार घातल्यासारखी ती सीटखालच्या नळीवर जोर करते. दांडीवरची 'किमान एवढी आत' ही खूण कधीच बाहेर दिसू देऊ नका.

चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, शक्यतो साधा, शॉकअपशिवायचा घ्या. स्वस्त स्प्रिंगचे शॉकअप मध्यम वजन धरून बनवलेले असतात. जड माणूस बसला की ते निम्मे दबूनच राहतात. घ्यायचाच असेल, तर हवेचा दाब वाढवता येणारा घ्या.

४. वाचलेले पैसे मागच्या चाकात घाला

स्वाराच्या वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. किमान ३२ आरे, मिळाले तर ३६, आणि डबल-वॉल (दुहेरी भिंतीची) रिम. फ्रेममध्ये ४० मिमीचे किंवा त्याहून रुंद टायर बसतात का, ते विचारा. हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) कॅसेट असावी, म्हणजे हबवर सरकवून बसवलेला मागच्या गिअरचक्रांचा संच. जुन्या पद्धतीच्या, हबवर आट्यांनी फिरवून बसवलेल्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, आधाराविना राहिलेला एक्सल वाकतो आणि कधी तुटतोही.

५. चालवून पाहा

चढावर उभं राहून पॅडल मारा. चेन पुढच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) किंवा टायर फ्रेमला घासू लागला, तर फ्रेम किंवा चाक तुमच्या जोराला कमी पडतंय. ब्रेक डिस्कचे असलेले बरे.

६. घेतल्यावर

पहिल्या काही आठवड्यांत आरे सैल पडतात. चाकाचा आउट काढून घ्या आणि ताण तपासून घ्या. सायकल धुताना पॅडलच्या कण्याभोवतीचे जोड, हँडलखालचा जोड आणि सीटच्या नळीचं तोंड पाहा. बारीक रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ती नुसती रंगाची रेघ नसण्याची शक्यता मोठी, आणि नख अडकलं नाही तरी रेघ लांबत असेल तर तीच शंका. सायकल थांबवा. स्टीलची भेग जाणकार कारागीर भरू शकतो. ॲल्युमिनियमला वेल्डिंगनंतर पुन्हा उष्णता-प्रक्रिया लागते, म्हणून तिथे दुरुस्तीपेक्षा वॉरंटी असेपर्यंत फ्रेम बदलून घेणं बरं.