मांडवीवरचा कुठला पूल धरावा?

म्हापशाहून पणजीत शिरायचं असेल तर गाडी अटल सेतूवर चढवू नका. जानेवारी 2019मध्ये सुरू झालेला हा पूल शहराला वळसा घालून मडगाव आणि फोंड्याकडे जाणाऱ्यांसाठी आहे. एकदा वर चढलात की पणजी खाली राहते आणि तुम्ही थेट मेरशी किंवा रायबंदरच्या बाजूला उतरता. शहरासाठी खालचा जुना पूलच बरा, कदंब बसस्थानकाजवळ उतरवतो. भाड्याची स्कूटर असेल तर प्रश्नच नाही, अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे.

घाई नसेल तर पूल सोडाच, पणजी-बेती फेरीबोटीने जा. मांडवी खरी दिसते ती पाण्यावरूनच! बेतीहून नदीकाठच्या रस्त्याने रेईश मागूशचा किल्ला जवळ आहे. आत गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत, ती सावकाश पाहा. बुरुजावरून पलीकडे अख्खी पणजी दिसते.

जुन्या गोव्याला मात्र रायबंदरच्या 17व्या शतकातल्या पोर्तुगीज बांधावरून जावं. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला मिठागरं. महामार्गाने पाच-दहा मिनिटं वाचतील, पण हे दिसणार नाही.